जुन्या जाळ्याखालची भाजी

पहाटे 5.30

चहाच्या आधी जाळी. वहिनींचा हा क्रम ठरलेला आहे. पायात गमबूट, पदर खोचलेला, हातात विजेरी. जानेवारीचा शेवट आहे. उजाडायला अजून तासभर तरी आहे. चौलच्या या आळीत आत्ता दोनच आवाज आहेत. समुद्राची गाज आणि कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप.

मागच्या दाराने बाहेर पडलं की पोफळीची वाडी लागते. वाडी संपते तिथे दहा गुंठ्यांचा उघडा तुकडा आहे. पावसाळ्यात भात, भात निघालं की भाजी. सध्या माठ आहे, पालक आहे, मुळा, वांगी, काकडी, दुधी आहे. तुकड्याच्या चारी बाजूंनी उभं जाळं. पालेभाजीच्या वाफ्यांवर आडवं जाळं. हे सगळं रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून आलेलं आहे. मासेमारीतून बाद झालेलं नायलॉन.

वहिनी कडेकडेने चालतात. विजेरीचा झोत वर नसतो, पायाशी असतो. जाळ्याची खालची कड जमिनीपासून वीतभर वर बांधली आहे. खाली उरलेल्या वीतभर जागेत जुन्या साडीची पट्टी शिवली आहे. पट्टीवर चार-चार हातांवर एकेक दगड. साडी कुठे सरकली, जाळं कुठे लोंबून मातीला टेकलं, एवढंच बघायचं.

"तीन वर्षांमागे मी जाळं थेट जमिनीवर सोडलं होतं," त्या चालता चालता सांगतात. "कोंबडी खालून शिरू नये म्हणून. एका सकाळी बघते तर धामण. अर्धी आत, अर्धी बाहेर. जेवढी ओढ घेतली असेल तेवढं जाळं अंगात रुतत गेलेलं. आम्ही उठायच्या आधीच गेली होती."

धामण बिनविषारी. उंदरांवर जगणारी. त्या हिवाळ्यात उंदरांनी मुळे वरून कुरतडले, हेही वहिनींच्या लक्षात आहे. दुसऱ्या वर्षी त्यांनी जाळं वर उचललं आणि खाली कापड लावलं. मराठवाड्यात, विदर्भात रानडुकरांसाठी शेताभोवती साड्या बांधतात, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं.

"कापड अडवतं. जाळं अडकवतं," त्या म्हणतात. एक दगड पायाने पुन्हा जागेवर सरकवतात.

फेरीला वीस मिनिटं लागली. आज कुठे काही नाही.

सकाळी 6.00

काढणी. अजून अंधारच आहे. वहिनींच्या डोक्याला बॅटरी बांधलेली. नाक्यावर 150 रुपयांना घेतली. आधी मुलगा शेजारी विजेरी धरून उभा राहायचा. तो आता कॉलेजला पनवेलला असतो.

वाफ्यांवर अर्ध्या इंची काळ्या पाइपाच्या कमानी आहेत. पाइपाची टोकं जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांवर बसवलेली. कमानींवर जाळं, आणि जाळं पाइपाला धरून ठेवायला कपड्यांचे प्लॅस्टिकचे चिमटे. वहिनी चिमटे काढून पदराच्या ओच्यात टाकतात. जाळं दवाने जड झालं आहे. ते ओढायचं नाही. ओढलं की एखादा डोळा पाइपाच्या टोकाला अडकतो आणि फाटतो. दोन्ही हातांनी उचलायचं, झटकायचं आणि घडी घालत मागे न्यायचं. थंडगार पाणी कोपरापर्यंत ओघळतं.

माठ मुळासकट उपटायचा. पालक विळ्याने कापायचा, बुडखा ठेवून, म्हणजे पुन्हा फुटतो. मुळा हाताने हलवून सैल करायचा, मग वर ओढायचा. जुडी बांधायला केळीचं वाळलेलं सोपट. ते रात्रीच भिजत घातलेलं असतं. रबरबँड 1 रुपयाला 4 मिळाले तरी 75 जुड्यांचे पैसे होतात. सोपट वाडीतच मिळतं.

गेल्या साली मुळ्याच्या तीन वाफ्यांवर जाळं पुरलं नाही. दोन झाकले. उघड्या राहिलेल्या तिसऱ्या वाफ्यात आळीतल्या कोंबड्या एका दुपारी शिरल्या. मुळा उकरला, उगवून आठच दिवस झाले होते. कोंबडी खाते थोडं, उकरते सगळं. "कुणाच्या कोंबड्या म्हणून भांडायचं? त्यात माझ्याही दोन होत्या," वहिनी म्हणतात.

उजाडायला लागतं तेव्हा मोजणी होते. माठाच्या 40 जुड्या, पालकाच्या 20, मुळ्याच्या 15. वांगी 6 किलोला थोडी वर. टाकीत बुडवून माती धुतात, पाणी निथळायला पाट्या तिरक्या ठेवतात. मग जाळं परत वाफ्यावर. चिमटे मोजून लावायचे. दोन डझन आहेत. एक हरवला की तिथून जाळं सैल पडतं.

सकाळी 7.30

वहिनींचे यजमान, दादा, मोटारसायकलवरून त्यांना आणि दोन पाट्या नाक्यावर सोडतात. तसेच पुढे कामाला जातात. ते एका बंगल्यावर माळीकाम करतात. बंगल्याचे मालक मुंबईला असतात, शनिवार-रविवार येतात. तिथल्या हिरवळीला दिवसातून दोनदा पाणी लागतं.

वहिनी गोणपाट अंथरतात. शेजारी नारळवाली, पलीकडे वालाच्या शेंगा घेऊन बसलेली एक आजी. पोपटीचे, मडक्यात शेंगा भाजायचे दिवस आहेत, शेंगांना मागणी आहे. माठ 10 रुपये जुडी. पालक 15. मुळा 15. वांगी 50 रुपये किलो.

गिऱ्हाईक जुडी उचलतं, पानं उलटून बघतं. भोक पडलेलं पान दिसलं की जुडी खाली ठेवतं. एक बाई विचारतात, "औषध मारलेलं आहे का?"

"जाळीखालची आहे," वहिनी सांगतात.

"मग पंधराची कशाला? दहाला द्या."

पालक पंधरालाच जातो. जाळीखालचा म्हणून वीसला जात नाही, ही दुसरी बाजू.

साडेनऊपर्यंत पाट्या जवळजवळ रिकाम्या. माठाच्या 5 जुड्या उरल्या. मुळा संपला. वांग्यांतली दोन किडकी निघाली, ती वहिनींनी स्वतःच बाजूला काढली. परत येताना रिक्षाचे 20 रुपये. पाट्या वेगळ्या धरून 40 मागतात, पण हा रिक्षावाला आळीतलाच आहे.

सकाळी 9.45

घरी पोचतो तेव्हा सासूबाई वाफ्यापाशी उभ्या असतात. त्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे. जाळीच्या कामात त्यांचा ठरलेला वाटा आहे. काकडीचा पडदा.

काकडीवर जुनं जाळं नाही, बारीक विकतची जाळी आहे. रोप दोन पानांवर असताना लाल भुंगेरे येतात. एका दिवसात पानांची चाळण करतात. म्हणून उगवल्यापासून बारीक जाळी. पण फुलं लागली की हीच जाळी आडवी येते. काकडीची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मधमाशी आत आली नाही तर काकडी धरत नाही. मादी फूल तसंच पिवळं पडून गळतं.

तेव्हा फुलं लागल्यापासून सासूबाई रोज सकाळी उन्हं आली की एका बाजूची जाळी गुंडाळून वर बांधतात. आत्ताही सातेरी माश्या फुलांवर आहेत. बारीक, काळसर पट्ट्यांच्या. फूल दुपारनंतर मिटतं. मग पडदा पुन्हा खाली.

"पहिल्या वर्षी आम्ही झाकून ठेवलं आणि वाट बघत बसलो," सासूबाई म्हणतात. "वेल केवढा! काकडी एक नाही. मला वाटलं बी खोटं."

धरलेल्या काकडीला फळमाशी टोचते, आत अंडी घालते. ती मधमाशीबरोबर आत येऊ शकते. त्यासाठी वेलाजवळ प्लॅस्टिकचा एक डबा टांगलेला आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला रक्षक सापळा. आतल्या ठोकळ्याच्या वासाने नर माश्या येतात आणि बाहेर पडत नाहीत. सासूबाई तो आठवड्यातून एकदा रिकामा करतात. आज 30-40 माश्या निघाल्या. कोंबड्यांनी त्या उचलल्या.

सकाळी 10.15

पश्चिमेच्या कोपऱ्यात फडफड ऐकू येते. बुलबुल.

उभं जाळं तिथे खांबापासून सुटलं आहे. सुतळी कुजली असणार. सैल पडलेल्या घडीत पक्ष्याचा एक पंख आणि मान अडकली आहे. पहाटेच्या फेरीत खालची कड बघितली होती. हे वर आहे, छातीच्या उंचीवर.

वहिनी धावत नाहीत. खांद्यावरचा पंचा काढतात, पक्ष्यावर टाकतात, डोळे झाकतात. फडफड थांबते. मग एका हाताने पंच्यासकट धरून दुसऱ्या हाताने कात्री चालवतात. धागा ओढून सोडवायला त्या बघतच नाहीत. ओढलं तर पंख मोडतो. जाळ्याचा एक डोळा कापला, दुसरा, तिसरा. चौथा पायाच्या नखातून काढला. पंचा उघडला. बुलबुल हातावर क्षणभर बसला आणि पोफळीत गेला.

जाळ्याला आता वीतभराचं भोक आहे.

"ताणलेलं जाळं पाखराला दिसतं, आपटून मागे जातं. सैल जाळं खातं," वहिनी म्हणतात. कोपऱ्याची सुतळी बदलतात. सुतळीऐवजी आता नायलॉनची दोरी. भोकाला तात्पुरती साडीची चिंधी बांधतात. कापलेले धाग्यांचे तुकडे वेचून कमरेला खोचलेल्या पिशवीत टाकतात. गोठ्याजवळ खताची एक रिकामी गोणी टांगलेली आहे. जाळ्याचा प्रत्येक तुकडा तिथे जातो. पूर्वी सुताची जाळी असत, ती मातीत कुजून जात. हे नायलॉन कुजत नाही. खुरप्याला गुंडाळतं, गुरांच्या पोटात जातं.

सकाळी 11.00

डोंगराकडच्या वाडीवरून ताई निंदणीला आल्या आहेत. आठवड्यातून एक दिवस येतात. साडेनऊ ते पाच, मध्ये अर्धा तास जेवणाचा. मजुरी 350 रुपये.

जाळीखाली निंदणं कष्टाचं असतं. कमानी कमरेएवढ्याही नाहीत. जाळं बाजूला घेऊन निंदलं तर उन्हात वाफे उघडे, आणि कोंबड्या टपलेल्या. म्हणून अर्धा वाफा उघडायचा, निंदायचा, झाकायचा, मग पुढचा अर्धा. ताई उकिडव्या बसून सरकतात. खुरपं आडवं चालतं, गवत डाव्या हाताने मागे टाकलं जातं. वहिनी पुढच्या वाफ्याचे चिमटे काढून देतात, मागच्याचे लावत येतात. दोघी फारसं बोलत नाहीत.

मग वांगी. वांग्यांवर जाळी नाही. झाडं मोठी होतात, एवढी बारीक जाळी घ्यायची तर पैसे जास्त. त्यामुळे शेंडे पोखरणारी अळी वांग्यात आहेच. वहिनी दर तिसऱ्या दिवशी सगळी झाडं बघतात. जो शेंडा मान टाकून सुकलेला दिसेल तो अळीसकट खुडतात. आज 26 शेंडे निघाले. खड्ड्यात टाकून वर माती.

"सगळं झाकता येत नाही," त्या म्हणतात. "कोवळं आणि बुटकं तेवढं झाकायचं. बाकीचं रोज बघायचं."

दुपारी 12.15

विहिरीजवळ सावली-उन्हाच्या सीमेवर एक लहान वाफा आहे. टोमॅटो आणि मिरचीची रोपं. वीस दिवसांची. यावर सगळ्यात बारीक जाळी, एका इंचात 40 भोकांची. इथे शत्रू कोंबडी नाही, पांढरी माशी आहे. ती रोपाचा रस पिते, आणि पिताना रोग आणते. पानं चुरडतात, वरच्या बाजूला वळतात, झाड खुजं राहतं. टोमॅटोवर हा बोकड्या रोग रोपवाटिकेतच आला तर पुढे कितीही खत घाला, फळ मिळत नाही. रोप कोवळं असताना पहिले 25-30 दिवस राखलं की निम्मी लढाई होते.

आधी इथे घरातली जुनी मच्छरदाणी होती. फुकटची. एक हंगाम छान गेला. दुसऱ्या हिवाळ्यात उन्हाने धागा इतका विरला की बोट लावलं की भोक. मग 5 मीटर लांब, 3 मीटर रुंद जाळी घेतली. चौरस मीटरला 30 रुपये. 450 झाले. काकडीचा पडदा याच तुकड्यातून कापला.

शेजारच्या एका मावशींनी मच्छरदाणीचं ऐकून आपलीही आणली होती. ती दुकानातली साधी नव्हती, डासांसाठी औषध लावलेली होती. गावातल्या आशा सेविकेने पाहिलं आणि थांबवलं. औषध लावलेली मच्छरदाणी माणसाच्या झोपायच्या जागेसाठी असते, खायच्या भाजीवर घालायची नसते.

वहिनी जाळीची एक कड उचलतात, हात आत घालतात, तळहात मातीवर टेकतात. ओल आहे. पाणी सकाळीच द्यायचं. बारीक जाळीत वारा कमी खेळतो. संध्याकाळी पाणी दिलं की रात्रभर माती चिंब राहते आणि रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. फुलकिडे या जाळीतूनही आत शिरतात, एवढे ते बारीक असतात. म्हणून रोज पानं उलटून बघणं सुटत नाही. कड पुन्हा मातीत दाबतात. इथे मात्र कड जमिनीत पुरलेलीच हवी. भोकं इतकी बारीक आहेत की त्यात साप अडकत नाही.

दुपारी 1.00

जेवण. तांदळाची भाकरी, माठाची भाजी, सुकट. ताईंचं ताट बरोबरच वाढलेलं. दोन किडकी वांगीही आत किडलेला भाग काढून भाजीत गेली आहेत.

दुपारी 1.45

आळी झोपली की माकडं येतात. त्यांना वेळ बरोबर कळते.

वहिनी आडव्या होतात, सासूबाई मागच्या पडवीत बसतात. हाताशी पत्र्याचा डबा आणि लाकडाचा तुकडा. दोन वाजता पोफळीचे शेंडे हलतात. सात-आठ माकडं. एक मोठं खाली उतरतं, उभ्या जाळ्यापाशी येतं, हात लावून बघतं. बोटं जाळ्याच्या डोळ्यांत जातात, मागे घेतं. पुन्हा लावतं. सासूबाई डबा वाजवतात.

जाळ्याने माकड थांबतं का? "थबकतं," त्या म्हणतात. "पूर्वी उतरलं की काकडी घेऊन वर. मी उठेपर्यंत गेलेलं. आता जाळ्यापाशी विचार करत बसतं. तेवढ्यात मला उठता येतं."

जाळं मिनिटभर मिळवून देतं. डबा वाजवायला माणूस लागतंच.

दुपारी 3.00

पंप सुरू. पाणी पाटाने वाफ्यांत येतं. वहिनी फावड्याने एक दांड बंद करतात, दुसरा उघडतात. प्रत्येक वाफ्याला चार-पाच मिनिटं. वाफा भरत आला की पाण्याबरोबर जाळ्याची साडी तरंगते, दगड बाजूला होतात. पुन्हा वाकायचं, दगड ठेवायचे. दिवसभरात किती वेळा वाकल्या ते मी मोजायला लागलो होतो. शंभराच्या पुढे सोडून दिलं.

पूर्वेच्या उभ्या जाळ्यावर दुधीचा वेल चढला आहे. दोन इंची आसाचं, म्हणजे डोळ्याचं, जाळं. तणावे त्यात आपोआप गुंडाळतात. मांडवाला बांबू विकत घ्यायचा तर आता 100 ते 150 रुपये नग. इथे दोन खांब आणि मध्ये जाळं, झालं काम. अडचण हंगाम संपल्यावर येते. हिरवा वेल ओढला तर जाळं फाटतं. म्हणून बुडखा कापून वेल तिथेच वाळू द्यायचा. पंधरा दिवसांनी जाळं काढून झटकायचं, काठीने हलकं बडवायचं. वाळका वेल चुरा होऊन पडतो.

दुपारी 4.20

"भाजी आहे का गं?"

रेवदंड्याच्या कोळीण मावशी. सकाळपासून मासे विकत फिरल्या, आता पाटीत थोडंच उरलं आहे. जाळं यांच्याकडूनच आलं. त्यांच्या घरची होडी आहे, डोल लावतात. डोलीचं जाळं तोंडाशी मोठ्या आसाचं असतं आणि मागे जाता जाता बारीक होतं, शेपटाशी अगदी बारीक, म्हणजे मांदेली, जवळा निसटत नाही. वहिनींकडे दोन्ही टोकांचे तुकडे आहेत. मोठ्या आसाचं कुंपणाला आणि दुधीला. बारीक आसाचं पालेभाजीवर, चिमण्या-बुलबुलांसाठी.

"पूर्वी फाटलेलं जाळं लोक फुकट न्यायचे," मावशी सांगतात. "आता बंगलेवाले सजवायला नेतात, पोरं क्रिकेटला नेतात. किलोला साठ झाले." वहिनींना 12 किलो लागलं. 720 रुपये. 500 रोख दिले, बाकीची भाजी.

मावशींना भोक दाखवलं जातं. त्या साडीची चिंधी सोडतात, भोकाकडे बघतात आणि "कात्री दे" म्हणतात. आधी भोक आणखी मोठं करतात. कडेचे अर्धवट डोळे कापून सरळ करतात, म्हणजे गाठ घ्यायला पूर्ण धागा मिळतो. मग पाटीतल्या पिशवीतून चपटी प्लॅस्टिकची सुई काढतात. तिच्यावर धागा गुंडाळलेलाच असतो. डाव्या हाताच्या दोन बोटांवर आस मोजायचा, सुई खालून वर, वळसा, ओढ. गाठ. पुन्हा बोटांवर आस. एक ओळ, खालची ओळ. बोलणं चालूच असतं. सुनेचं, मुलाच्या होडीच्या डिझेलचं, यंदा बोंबील कमी आला त्याचं.

भोक सहा मिनिटांत बुजलं. नव्या धाग्याचा रंग हिरवा आहे, जुन्याचा राखाडी, म्हणून कळतं. वहिनींना हेच करायला वीस मिनिटं लागतात आणि गाठ सरकते.

पैशांची गोष्ट कुणी काढत नाही. माठाच्या उरलेल्या 5 जुड्या आणि दोन काकड्या मावशींच्या पाटीत जातात. मांदेल्यांचा एक वाटा वहिनींच्या ताटलीत येतो.

सायंकाळी 5.50

ताई पाचला गेल्या. ऊन उतरलं. दुधीची पांढरी फुलं उमलायला लागली आहेत.

काकडी सकाळी फुलते, दुधी संध्याकाळी. मधमाश्या तेव्हा परतलेल्या असतात. फुलांवर रात्रीचे पतंग येतात, पण भरवसा नाही. वहिनी हाताने परागीकरण करतात. नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या. मादी फुलाच्या मागे सुपारीएवढा लवदार दुधी असतो, त्यावरून ते ओळखायचं. नर फुलाचा मधला भाग मादीच्या मध्यावर हळूच टेकवून फिरवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. आज 9 मादी फुलं होती. 9 झाली.

"बाळाच्या गालाला हळद लावतात तसं," त्या सांगतात, आणि पुढच्या फुलाकडे जातात.

सायंकाळी 6.40

झाकाझाक. सासूबाईंनी काकडीचा पडदा दुपारीच सोडला होता. वहिनी तो पुन्हा चाचपतात. मग पालेभाजीचे वाफे. चिमटा, चिमटा, चिमटा. मग कुंपणाचे खांब, प्रत्येकाला हाताने हलवून. सकाळच्या बुलबुलामुळे आज त्या वरची बाजूही बघतात. एका ठिकाणी जाळं किंचित झोळ खातंय, दोरी ताणून गाठ मारतात. अर्धा तास गेला.

दादा बंगल्यावरून परतले आहेत. तिथे नवीन झाडं आली आहेत, प्रत्येकाला हिरवी सावलीची जाळी लावून झाली, असं सांगतात. उरलेला तुकडा मागितला का, वहिनी विचारतात. दादा मान हलवतात. मागितला नाही.

रात्री 8.45

मांदेल्या तळून, जेवून झालं. वहिनी वही उघडतात. शाळेची जुनी वही, मागच्या पानांपासून सुरू केलेली.

माठ 35 जुड्या, 350. पालक 300. मुळा 225. वांगी 300. एकूण 1175. खर्च : ताई 350, रिक्षा 20. राहिले 805. रोज एवढे होत नाहीत, हेही त्या सांगतात. अशी काढणी आठवड्यातून तीनदा.

मग त्या आधीचं एक पान उलटून दाखवतात. जाळं 720. बारीक जाळी 450. पाइप 360. चिमटे 80. सुतळी 50. एकूण 1660. साड्या घरच्या. हे जाळं तिसऱ्या हंगामात आहे. अजून एक तरी जाईल.

मी माझ्या वहीतून दिवस मोजतो. पहाटेची फेरी वीस मिनिटं. उघडणं-झाकणं अर्धा तास. सासूबाईंचा पडदा, दोन्ही वेळचा मिळून वीस. बुलबुल आणि दोरी वीस. संध्याकाळी अर्धा तास. दोन तास झाले. ताईंच्या मजुरीच्या दराने 100 रुपये. रोज एवढंच धरलं तर महिन्याचे 3000. जाळ्याचे तीन हंगामांचे मिळून 1660.

वहिनी आकडा ऐकतात. वहीचं पान बघतात. रकाने दोन आहेत, जमा आणि खर्च. "हे कुठे लिहायचं?" विचारतात, आणि वही मिटतात. पहाटे साडेपाचला पुन्हा उठायचं आहे.

परसात चार वाफे असतील, कोंबड्या-पाखरांचा त्रास असेल, तर जाळं लावा. जुनं चालेल, स्वस्त चालेल. ताणून बांधा, खालची कड वीतभर उचलून कापड लावा, फुलं आली की माशीला वाट द्या, कापलेला तुकडा मातीत टाकू नका. आणि रोज उजाडायच्या आत वीस मिनिटं त्याच्याभोवती फिरता येणार असतील, तरच बांधा.